हॉटेलच्या इंटिरिअरला जुनं लाकूड, भंगारातलं सामान वापरलं तर खर्च वाचतो का?

लाकडात वाचतो, सुताराच्या मजुरीत जातो. झालं उत्तर. आता माझं दुखणं ऐका.

सोलापुरात विजापूर रोडला माझं जेवणाचं हॉटेल आहे. कडक भाकरी, शेंगाचटणी, त्यातलं. वडिलांचा चादरींचा कारखाना बंद झाला, यंत्रमाग किलोच्या भावानं भंगारात गेले. मी फक्त सागवानी फळ्यांचं एक रॅक टेम्पोत घालून आणलं. थोरले बंधू म्हणाले, "भंगार आहे ते. सनमायकाची टेबलं कर, गप." मी ऐकतोय कशाला!

त्या रॅकवर पंचवीस वर्षं मागाच्या तेलाचे डबे ठेवलेले. सुतारानं रंधा मारला, आत मोडलेल्या खिळ्यांवर दोन पाती गेली. पण पॉलिश झाल्यावर टेबलं अशी उठून दिसली की डिसेंबरभर मी बंधूंसमोरून मुद्दाम त्यांवर हात फिरवत जायचो. एप्रिलात पारा चाळीसच्या वर गेला आणि टेबलांना घाम फुटला. एका गृहस्थांनी पांढऱ्या शर्टाची बाही दाखवली, कोपरापासून मनगटापर्यंत काळपट पट्टा. बंधू गल्ल्यावर होते. शर्टाचे पैसे दिले, वर शेंगाचटणीची पुडी बांधून दिली, मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तर तेल प्यालेलं लाकूड टेबलाला नको, भटारखान्याजवळ तर नकोच, भडकन पेटतं. घेताना लोहचुंबक फिरवा, खिळे कळतात. स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर वाळवी किंवा कुज. आणि नवं लाकूड जाळून, काळं करून 'जुनं' म्हणून लावणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा.

माझ्या फळ्या आता समोरच्या भिंतीवर उंच आहेत, खाली जकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी ठरवणारे, भोकं पाडलेले पुठ्ठे काचेच्या फ्रेममध्ये. टेबलं सनमायकाची, मान्य. पण परवा बंधू पाहुण्यांना सांगत होते, "आमच्या कारखान्यातल्या फळ्या आहेत ह्या." भंगार म्हणाले नाहीत, बरं का.

एक राहिलंच. वाड्यांचे रंगवलेले दरवाजे घेणार असाल तर रंग कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असतं आणि त्याची धूळ विषारी. रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून आली, त्याआधीच्या रंगात त्याहून जास्त असेल असं धरूनच चला. त्या दरवाज्याचं टेबल करायचं तर वर काच टाका.