रोज पानभर शुद्धलेखन देऊनही मुलांचं अक्षर का सुधारत नाही?

तिसरीच्या वर्गाला रोज पानभर शुद्धलेखन देता, वह्या नेमाने तपासता, तरी अक्षर होतं तसंच आहे, मग आणखी काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी प्राथमिकच्या वर्गांना शिकवते. माझं पहिलं सांगणं हेच की पान कमी करा. चार-पाच ओळी पुरेत, पण त्या वर्गात, तुमच्यासमोर लिहून घ्या. घरून आणलेल्या पानाच्या पहिल्या दोन ओळी बऱ्या असतात. पुढे हात दुखायला लागतो आणि मूल पान संपवायच्या मागे लागतं. उरलेल्या पानात सराव होतो तो गिचमिड अक्षराचाच.

तपासायला आलेल्या वहीत अक्षर दिसतं, ते काढलं कसं हे कळत नाही. म्हणून मुलं लिहीत असताना बाकांमधून फिरा आणि हाताकडे बघा. कुणी पेन्सिल मुठीत धरतं, कुणी इतकी दाबतं की मागच्या पानावर वळ उठतात. पेन्सिल अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत हवी, खालून मधल्या बोटाचा आधार, पकड टोकापासून दोन-अडीच सेंटिमीटर वर. पेन्सिल अगदी बुटकी झाली असेल तर ती बदलायलाच लावा. डावखुऱ्या मुलाची वही थोडी डावीकडे सरकवा, तिची वरची कड उजवीकडे कलती ठेवा, म्हणजे लिहिलेलं झाकलं जात नाही आणि मनगट मुडपावं लागत नाही. त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं की शेजाऱ्याचं कोपरही लागत नाही. हात बदलायला मात्र कधीही लावू नका.

अक्षरं मी क ख ग घ या क्रमाने घोटून घेत नाही, वळणाच्या कुळांप्रमाणे घेते. व, ब, क एकत्र. प, ष, फ एकत्र. ग, म, भ, न एकत्र. व चं पोट नीट गोल आलं की ब आणि क निम्मे झालेच, आणि र आणि व हाताला बसले की ख वेगळा शिकवावा लागत नाही. फळ्यावर काढताना तोंडाने सांगत जा: ‘इथून सुरुवात, गोल, आता दांडा वरून खाली.’ पुष्कळ मुलं दांडा खालून वर ओढतात. तयार अक्षर बघून हे ओळखू येत नाही, पण ओळ वाकडी होते ती तिथूनच.

शिरोरेघेवर तर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. मुलं एकेका अक्षरावर तुकड्यातुकड्याने रेघ देतात, त्यामुळे ‘घरभर’ सुटंसुटं होऊन चार शब्दांसारखं दिसतं. आधी पूर्ण शब्द लिहायचा, मग डावीकडून उजवीकडे रेघ. भ, ध, थ आले की तिथे रेघ तोडायची, नाहीतर भ चा म आणि ध चा घ होतो. एवढी एक सवय लागली की पान लगेच उजळतं, हे मी वर्गामागून वर्गात पाहिलंय. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात समर्थांनी लेखनाविषयी सांगताना अक्षर वाटोळं, सरळ आणि मोकळं हवं म्हटलंय. यातलं ‘मोकळं’ आपण वर्गात विसरतो. दोन शब्दांत एका अक्षराएवढी जागा सोडायला लावा.

लाल पेनाने पान रंगवू नका. एका वेळी एकच दोष सांगा, आठवडाभर तोच धरा. त्याआधी मुलाला त्याच्याच ओळीतलं सगळ्यात चांगलं अक्षर शोधून त्याला गोल करायला लावा. ते बरोबर शोधतं, आणि पुढच्या ओळीत तसं काढायला बघतं.

एखादं मूल तोंडी उत्तरं छान देतं, पण महिनोन्महिने अशी मदत करूनही लिहिताना रडकुंडीला येतं, अक्षरं गाळतं, पाच ओळींनीच थकून जातं. त्याला आळशी म्हणू नका. डिसग्राफिया म्हणजे लेखन-अक्षमता असू शकते. पालकांशी बोलून तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या, आणि तोवर त्याची उत्तरं तोंडी घ्या.