लॅपटॉप माझा, प्रॉक्सी कंपनीचा

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. ऑफिसात नवा प्रॉक्सी (आमचं सगळं इंटरनेट ज्यातून जातं तो मधला सर्व्हर) बसला आणि माझ्या लॅपटॉपवर (लॅपटॉप माझा स्वतःचा आहे) क्रोममध्ये ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ येऊ लागलं. खाली ‘एरर सर्ट ऑथॉरिटी इनव्हॅलिड’. शेजारच्या टेबलावर सगळं सुरळीत. बँकेची साइट मात्र माझ्याकडेही उघडते. आयटीतला मुलगा म्हणतो, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ला जाऊन ‘प्रोसीड’ करा. काही साइटना ते बटणच येत नाही. २० तारखेला जीएसटीआर-३बी भरायचाय.

उत्तर : रिटर्न शेजारच्या टेबलावरून भरून टाका, मग निवांत बघू. आणि ‘प्रोसीड’ हा उपाय नव्हे. आज तो ऑफिसच्या प्रॉक्सीसाठी दाबाल, उद्या स्टेशनवरच्या फुकट वायफायवर खरा भामटा मध्ये बसलेला असेल, तेव्हाही बोट सवयीने तिथेच जाईल.

घडतंय ते असं. प्रॉक्सी तुमचं पाकीट मध्येच फोडतो, आत व्हायरस वगैरे आहे का पाहतो आणि साइटच्या सर्टिफिकेटऐवजी, म्हणजे ओळखपत्राऐवजी, कंपनीचा शिक्का मारून पुढे देतो. क्रोमला तो शिक्का ओळखीचा नाही. कंपनीच्या डोमेनमधल्या, म्हणजे आयटीच्या ताब्यातल्या कॉम्प्युटरवर ग्रुप पॉलिसीने (आयटी सगळीकडे एकदम पाठवते त्या सेटिंगने) कंपनीचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे हा शिक्का खरा मानायला सांगणारी फाइल, आपोआप पोहोचलंय. तुमचा लॅपटॉप डोमेनबाहेरचा. बँकांच्या साइट बहुतेक कंपन्या तपासणीतून वगळतात, म्हणून ती उघडते. आणि बटण नसतं ते एचएसटीएस नावाच्या नियमामुळे. ‘माझ्याकडे पक्क्या सर्टिफिकेटशिवाय यायचं नाही’ असं त्या साइटनेच ब्राउझरला बजावलेलं असतं.

खात्री करून घ्या. पत्त्याशेजारच्या ‘नॉट सिक्युअर’वर क्लिक करून सर्टिफिकेट उघडा, ‘इश्यूड बाय’ (ते कुणी दिलं) वाचा. तीच साइट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उघडून पुन्हा वाचा. ऑफिसात कंपनीचं किंवा फायरवॉलचं नाव आणि हॉटस्पॉटवर वेगळंच, तर निदान बरोबर. ऑफिसात भलतंच अनोळखी नाव दिसलं, तर काही न दाबता आयटीला गाठा.

आता रूट सर्टिफिकेटची फाइल आयटीकडूनच मागा. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड केलेली घेऊ नका. फिंगरप्रिंट (सर्टिफिकेटच्या तपशिलातली आकडे-अक्षरांची लांबलचक ओळ) त्यांच्याशी ताडून बघा. फाइलवर डबल क्लिक, ‘इन्स्टॉल सर्टिफिकेट’. इथेच गाडी अडते : विंडोजला आपोआप जागा निवडू दिली की ते बऱ्याचदा भलत्या कप्प्यात जातं. ‘ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज’ स्वतः निवडा, मग क्रोम पूर्ण बंद करून उघडा. फायरफॉक्सची भरवशाच्या सर्टिफिकेटांची यादी वेगळी असते. १२० पासूनच्या आवृत्त्या विंडोजमध्ये टाकलेली रूटही मानतात, जुनी असेल तर अपडेट करा. एररमध्ये ‘डेट इनव्हॅलिड’ असेल तर आधी घड्याळ बघा.

एवढं करण्याआधी एक विचार करा. हे सर्टिफिकेट टाकलंत की ऑफिसच्या नेटवर्कवर तुमचा खासगी मेलसुद्धा प्रॉक्सीला वाचता येतो, आणि तुम्हाला कुठली सूचनाही दिसणार नाही. मी असतो तर कंपनीकडे कंपनीचाच लॅपटॉप मागितला असता. तरी टाकलंत, तर नोकरी सोडताना विंडोजमधली सर्टिफिकेटांची यादी, ‘सर्टएमजीआर.एमएससी’, उघडून ते आठवणीने काढून टाका.