मोल्सवर्थ : मोल नव्हे, वाडी

प्रश्न असा आहे : “मराठी-इंग्रजी कोशामुळे ‘मोल्सवर्थ’ हे नाव आपल्याला ठाऊक आहे. पण हे आडनाव मुळात कुठलं? ‘मोल’ म्हणजे किंमत आणि ‘वर्थ’ म्हणजेही किंमत, हा नुसता योगायोग का? आणि या आडनावाची माणसं ब्रिटनमध्ये कुठे सापडतात?”

मी गेली काही वर्षं पूर्व इंग्लंडमधल्या पीटरबरोत राहतो. दक्षिणेकडे जाताना रस्त्यावर ‘मोल्सवर्थ’ अशी गावाची पाटी पहिल्यांदा दिसली तेव्हा मी गाडी बाजूला घेतली होती. आमच्या घरी वडिलांच्या टेबलावर पुण्याहून निघालेलं १९७५ चं पुनर्मुद्रण असायचं. शब्द अडला की “मोल्सवर्थ बघ” एवढंच ते सांगत. लहानपणी मला ते पुस्तकाचंच नाव वाटायचं. ते आधी माणसाचं आणि त्याही आधी एका गावाचं नाव आहे, हे इथे आल्यावर कळलं. तेव्हापासून मी या नावाच्या मागावर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या योगायोगाबद्दल. मलाही अनेक वर्षं वाटायचं की कोशकाराला नावही शोभेलसंच मिळालं, दोन्ही भाषांत ‘मोल’च. पण तसं नाही. मोल्सवर्थ हे पूर्व इंग्लंडमधलं एक लहानसं खेडं. आज ते केंब्रिजशरमध्ये मोडतं, पूर्वी हंटिंगडनशर या जिल्ह्यात होतं. विजेता विल्यम या राजाने १०८६ साली देशभरातल्या जमिनींची जी मोजदाद करवली, त्या डूम्सडे बुकात हे गाव ‘मोल्सवर्दे’ असं नोंदलेलं आहे. यातलं ‘वर्थ’ म्हणजे किंमत नव्हे. जुन्या इंग्रजीत कुंपण घातलेल्या आवाराला, आतल्या घर-गोठ्यासकट, हा शब्द होता. वँड्सवर्थ, टॅमवर्थ, केनिलवर्थ आणि वर्ड्सवर्थ या कवीच्या आडनावातलं ‘वर्थ’ही तेच. पहिला भाग ‘मूल’ या पुरुषाच्या नावावरून आला आहे. सातव्या शतकात केंटच्या गादीवर याच नावाचा एक राजा होता आणि ६८७ साली त्याला जाळून मारलं, अशी जुन्या बखरीत नोंद आहे. शब्दाचा मूळ अर्थ खेचर, आणि त्यावरून मिश्र वंशाचा माणूस. गाव वसवणारा मूल अर्थातच कुणी वेगळा, बहुधा साधा शेतकरी.

म्हणजे ‘मोल्सवर्थ’ याचा अर्थ ‘मूलची वाडी’. आपल्या ‘वाडी’च्या आणि ‘वाड्या’च्या मुळाशीही ‘वाट’ हा कुंपण या अर्थाचा संस्कृत शब्द आहे, त्यामुळे हे भाषांतर मला अगदी चपखल वाटतं. कोशकर्त्याचं नाव मराठीत आणायचं तर ते ‘मूलवाडीकर’ होईल.

हे ‘-कर’ मी मुद्दाम लावलं, कारण आडनाव कसं पसरलं ते त्यातूनच कळतं. चिपळूणमध्ये राहणाऱ्याला चिपळूणकर म्हणून काय उपयोग? तिथे सगळेच चिपळूणचे. तो माणूस पुण्याला आला की लोक त्याला चिपळूणकर म्हणू लागतात. गावावरून पडलेलं आडनाव गाव सोडल्यावरच चिकटतं. इंग्लंडातही हेच झालं. साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकांत तिथे आडनावं पिढीजात होत गेली. तेव्हा जमीनदार घराण्यांत ‘अमुक गावचा’ असं सांगायला नावापुढे फ्रेंच ‘द’ लावत. घराण्याच्या जुन्या वंशावळी ज्याच्यापासून सुरू होतात तो सर वॉल्टर द मोल्सवर्थ तेराव्या शतकातला. पहिल्या एडवर्डबरोबर तो धर्मयुद्धाला गेला होता, असं त्या सांगतात. पुढे ‘द’ गळालं आणि गावाचं नाव तेवढं राहिलं. म्हणून या आडनावाची माणसं शोधायला त्याच गावात जाऊन बसण्यात अर्थ नाही. ती बाहेर शोधायची.

मग हे आडनाव विरळ का? न्यूटन, सटन अशा नावांची गावं इंग्लंडभर विखुरलेली आहेत. त्यामुळे एकमेकांशी काही नातं नसलेली कितीतरी घरं एकाच आडनावाची झाली. मोल्सवर्थ हे छोटं खेडं. तिथून बाहेर पडून नाव टिकवणारी घरं मोजकीच, आणि मुलगा नसला की ती शाखा आडनावापुरती संपणार. पण त्यामुळेच या आडनावाचा नकाशा आजही वाचता येतो. स्मिथ आडनावाच्या माणसाला असा नकाशा काढताच येणार नाही.

वंशावळी पाहिल्या तर पहिली दोन-तीनशे वर्षं नाव फारसं लांब गेलेलं दिसत नाही. सोळाव्या शतकात घराणं फोदरिंगे इथे भेटतं, म्हणजे मूळ गावापासून वीसेक किलोमीटरवर. (स्कॉटलंडच्या राणी मेरीचा १५८७ साली शिरच्छेद झाला तेच हे फोदरिंगे.) तिथल्या अँथनी मोल्सवर्थने पहिल्या एलिझाबेथ राणीच्या सरबराईत इतका खर्च केला की जमिनी विकाव्या लागल्या, अशी कथा सरदार घराण्यांच्या जुन्या वंशावळ-ग्रंथांत येते. दुसरं ठिकाण हेल्प्स्टन. तेही मूळ गावापासून तीसेक किलोमीटरच, आणि माझ्या घरापासून तर अगदी जवळ. या पट्ट्यातून दोन फांद्या फुटल्या, एक इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलला गेली आणि एक आयर्लंडला. आडनावाचा पुढचा बराचसा प्रसिद्ध इतिहास या दोन फांद्यांवरच आहे.

कॉर्नवॉलची फांदी मला जास्त आवडते. हेल्प्स्टनचा जॉन मोल्सवर्थ एलिझाबेथच्या काळात राणीच्या वतीने कॉर्नवॉलच्या जहागिरीचे हिशेब बघायला तिकडे गेला. तिथल्याच हेंडर घराण्यातल्या कॅथरिनशी त्याने लग्न केलं आणि बॉडमिनजवळ पेनकॅरो इथे घर धरलं. हिशेबनीस म्हणून परमुलखात जायचं आणि तिथलंच होऊन राहायचं, ही गोष्ट आपल्या घराण्यांतही काही कमी नाही. आईकडचं आडनाव त्यांनी नंतर मुलांच्या पाळण्यातल्या नावात जपलं. या घरातला पहिला बॅरोनेट (ही वारशाने चालणारी ब्रिटिश पदवी), १६८९ सालचा, त्याचं नावच हेंडर मोल्सवर्थ. तो जमैकाचा कारभार पाहत होता आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तिथला अडत्याही होता. घराण्याच्या वैभवाबद्दल लिहिताना हा भाग वगळला जातो, तो वगळू नये असं मला वाटतं.

पेनकॅरोचं घर आजही उभं आहे आणि उन्हाळ्यात लोकांना पाहता येतं. जवळच्या वेडब्रिज गावाच्या मुख्य बाजारपेठेचं नावच मोल्सवर्थ स्ट्रीट. पुढे सेंट ऑबिन या दुसऱ्या घराण्याची मालमत्ता या घराकडे आली आणि आडनाव जोडून ‘मोल्सवर्थ-सेंट ऑबिन’ असं झालं. त्यामुळे कॉर्नवॉलमध्ये शोधायचं तर जोडनावाखालीही पाहा.

याच घरातला आठवा बॅरोनेट सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०–१८५५). बॉडमिन-वेडब्रिज ही कॉर्नवॉलमधली अगदी सुरुवातीची रेल्वे १८३४ साली त्याच्या पुढाकाराने सुरू झाली. तत्त्वज्ञ हॉब्जचे समग्र ग्रंथ त्याने स्वतः संपादून १६ खंडांत काढले. कैद्यांना ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्याच्या पद्धतीची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचा तो अध्यक्ष होता आणि ती पद्धत बंद व्हावी म्हणून त्याने जोर लावला. १८५५ साली तो वसाहतमंत्री झाला आणि तीनेक महिन्यांतच वारला. पेनकॅरोच्या बागेत त्याने चिलीहून आलेलं एक काटेरी झाड लावलं होतं. ते पाहून एक पाहुणा म्हणाला की या झाडाने माकडही कोड्यात पडेल, आणि इंग्रजीत त्या झाडाला ‘मंकी पझल’ हे नाव पडलं, असं सांगतात.

आयर्लंडची फांदी सतराव्या शतकातली, क्रॉमवेलच्या काळातली. रॉबर्ट मोल्सवर्थ नावाचा व्यापारी डब्लिनला गेला आणि तिथे जमिनी मिळवून बसला. त्याचा त्याच नावाचा मुलगा (१६५६–१७२५) डेन्मार्कमध्ये राजदूत होता. तिथल्या अनियंत्रित राजसत्तेवर त्याने १६९४ साली लिहिलेलं पुस्तक युरोपभर गाजलं. १७१६ साली तो स्वोर्ड्सचा व्हायकाउंट, म्हणजे सरदार, झाला. त्याचा मुलगा रिचर्ड १७०६ च्या रामिलीच्या लढाईत इंग्रज सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरोचा मदतनीस अधिकारी (एडीसी) होता. ड्यूक घोड्यावरून पडला तेव्हा रिचर्डने आपला घोडा त्याला दिला. डब्लिनमधल्या त्यांच्या जमिनीवर अठराव्या शतकात मोल्सवर्थ स्ट्रीट आखला गेला. आज तो रस्ता थेट आयरिश संसदेच्या दारासमोर जाऊन थांबतो. जगाच्या दुसऱ्या टोकाला, वेलिंग्टनमध्ये, न्यूझीलंडची संसद ज्या रस्त्यावर आहे तोही मोल्सवर्थ स्ट्रीटच, आणि तो कॉर्नवॉलच्या सर विल्यमच्या नावाचा. हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत नकाशे उघडून बसलो होतो.

तुम्ही ब्रिटनबद्दल विचारलंत, पण गावांच्या आणि रस्त्यांच्या रूपाने हे नाव ब्रिटनबाहेरच जास्त ठळक दिसतं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियात आणि टास्मानियात मोल्सवर्थ नावाची गावं आहेत. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मोल्सवर्थ स्टेशन आहे (तिकडे ‘स्टेशन’ म्हणजे गुराढोरांचं मोठं शेत), सुमारे १ लाख ८० हजार हेक्टरांचं, त्या देशातलं सगळ्यांत मोठं शेत. मात्र रस्त्याला नाव आहे म्हणजे तिथे त्या आडनावाची वस्ती होती, असा अर्थ काढू नका. मंत्र्याचं नाव रस्त्याला देतात, त्यासाठी त्याला तिथे राहावं लागत नाही.

उत्तर इंग्लंडातला गुंता वेगळा आहे. चेशरमध्ये ‘मोल्ड्सवर्थ’ नावाचं दुसरंच गाव आहे, त्याची व्युत्पत्तीही निराळी. जुने कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहीत, त्यामुळे मोल्ड्सवर्थचा मोल्सवर्थ सहज होतो. म्हणून चेशर-लँकेशरकडचं मोल्सवर्थ घर दिसलं की ते त्याच वाडीतलं असेल असं लगेच धरू नये. उलट, लँकेशरमध्ये रॉचडेलला १८७७ पर्यंत व्हिकर (चर्चचे धर्मगुरू) असलेले जॉन मोल्सवर्थ हे मात्र आयर्लंडच्या फांदीतले. त्यांचा मुलगा गिल्फर्ड मोल्सवर्थ (१८२८–१९२५) सिलोनच्या रेल्वेवर होता आणि १८७१ पासून हिंदुस्थान सरकारचा रेल्वेविषयक सल्लागार इंजिनिअर झाला. त्याने केलेलं सूत्रांचं खिशातलं पुस्तक इंजिनिअरांच्या कित्येक पिढ्यांनी वापरलं. म्हणजे आपल्याकडे हे नाव दोनदा येऊन गेलं, एकदा शब्दांसाठी आणि एकदा रुळांसाठी.

शब्दांसाठी आलेले ते जेम्स थॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१). सोळा-सतरा वर्षांचा पोरगा कंपनीच्या फौजेत अधिकारी म्हणून आला आणि मराठीत रमला. ब्राह्मण शास्त्र्यांना हाताशी धरून, टॉमस आणि जॉर्ज या कँडी बंधूंच्या साथीने, त्यांनी १८३१ साली कोश छापला. मग प्रकृतीमुळे मायदेशी गेले, १८५१ साली परत आले आणि १८५७ ला दुसरी आवृत्ती काढली, सुमारे ६०,००० शब्दांची. आपली माणसं त्यांना ‘मोलेसरशास्त्री’ म्हणत. नऊशे वर्षं कारकुनांनी या नावाची नाना रूपं केली, त्यांतलं हे आपलं मला सगळ्यांत गोड वाटतं.

राहिलं ते मूळ गाव. मोजकी घरं, संत पीटरचं जुनं दगडी चर्च, आणि पलीकडे लष्करी तळाचं कुंपण. इथल्या बहुतेक लोकांना ‘मोल्सवर्थ’ म्हटलं की हा तळच आठवतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं इथून उडत. पुढे अण्वस्त्रधारी क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायला ही जागा निवडली गेली, तेव्हा शांततावादी लोक इथे तळ ठोकून बसले. फेब्रुवारी १९८५ मध्ये सैन्य आणून एका रात्रीत त्यांना हटवलं आणि कुंपण उभं केलं. ‘वर्थ’ म्हणजे कुंपणाचं आवार, हे मी तिथे त्या जाळीशी उभा असताना आठवलं.

तुम्हाला स्वतः शोधायचं असेल तर १८८१ च्या जनगणनेपासून सुरुवात करा. ती पूर्ण उतरवून घेतलेली आहे आणि आडनाव टाकून जिल्हावार पाहता येते. तिथून मागे जायला १८३७ पासूनच्या सरकारी जन्म-मृत्यू नोंदी आहेत आणि त्याही मागे १५३८ पासूनची चर्चची दप्तरं. स्पेलिंग एकच धरू नका. मोल्सवर्थ, मूल्सवर्थ, मोल्ड्सवर्थ हे तिन्ही टाकून पाहा आणि प्रत्येक नोंदीसमोर गाव लिहून ठेवा. चेशरच्या आसपासच्या नोंदी वेगळ्या कागदावर काढल्यात तर निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.