विद्यापीठातल्या मानव्यविद्यांच्या (साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान वगैरे) व्याख्यानाला बाहेरच्या माणसाने गेलं तर चालतं का? काही कळेल का?

चालतं की! सूचनेत ‘सर्वांसाठी खुले’ लिहिलेलं असलं म्हणजे झालं. फार तर आधी नाव नोंदवावं लागतं. फक्त ते चर्चासत्र नाही ना, एवढं बघा. तिथे शोधनिबंध आधीच वाचलाय असं धरून मंडळी तळटिपांवरून भांडतात, नवखा माणूस हरवतो. सार्वजनिक व्याख्यान मुळातच बाहेरच्यांसाठी असतं. विज्ञानवाले आणि साहित्यवाले एकमेकांशी बोलतच नाहीत, ही इंग्रज शास्त्रज्ञ-कादंबरीकार सी. पी. स्नो यांची गाजलेली तक्रारही अशाच एका सार्वजनिक व्याख्यानातली, १९५९ सालच्या केंब्रिज विद्यापीठातल्या ‘रीड व्याख्याना’तली. प्रश्नोत्तरांना मात्र थांबा, खरी गंमत तिथे. ‘प्रश्न नाही, छोटीशी टिप्पणी आहे’ म्हणत कुणीतरी उठतंच, आणि पाच मिनिटं माईक सोडत नाही. म्हणून मी दाराजवळची खुर्ची धरतो.