उदगीरची सीट घ्यावी का?

नीटचा निकाल लागला की जळगावात माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. एमबीबीएसला गुण पुरत नाहीत, पशुवैद्यकीयला नंबर लागतोय, पण कॉलेज लांब कुठल्यातरी तालुक्याच्या गावी. घ्यायचं का?

अमळनेर तालुक्यातल्या एका मुलीला लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजची सीट मिळत होती. तिला इथे सुनंदा म्हणूया. तिचे वडील, ज्यांना घरात सगळे जिभाऊ म्हणतात, स्पष्टच बोलले, "मॅडम, खेडामा शिकीसन खेडामाच ऱ्हाई जाई पोर." काकांनी आणखी एक सुचवलं होतं: जवळच पशुवैद्यकीयचा डिप्लोमा कर, दोन पैसे लवकर कमव.

डिप्लोमाचा विषय मी आधी संपवला. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 चा आहे. त्यानुसार जनावरांवर स्वतंत्रपणे उपचार करता येतात ते नोंदणीकृत पदवीधरालाच. डिप्लोमावाल्याला किरकोळ सेवा, त्याही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. डिप्लोमाला माझा विरोध नाही, पण तो या पदवीचा स्वस्तातला पर्याय नव्हे, हे पालकांना कुणी नीट सांगत नाही आणि मुलं पुढे अडकतात.

मग कॉलेजचं. परळचं 1886 पासूनचं कॉलेज असो, नागपूरचं असो की उदगीरचं, विद्यापीठ एकच, नागपूरचं माफसू, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ. अभ्यासक्रम तोच, इंटर्नशिपचं वर्ष धरून साडेपाच वर्षांचा. नोंदणी तीच. पशुधन विकास अधिकारी व्हायला एमपीएससी देताना गावाचं नाव आड येत नाही. फरक पडतो तो ओपीडीत दाव्याला काय बांधलेलं असतं त्यात. उदगीरच्या आसपास देवणी आणि लाल कंधारी गाई, म्हशी, शेळ्या. ज्याला मोठ्या जनावरांत काम करायचंय, त्याने ही सीट आनंदाने घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. कुत्र्या-मांजरांचा दवाखाना पुण्या-मुंबईत थाटायचा असेल, तर मात्र उदगीरला हात कमी बसतो. ते काम पुढे मोठ्या शहरातल्या दवाखान्यात उमेदवारी करून शिकावं लागतं आणि त्याची तयारी आधीपासून हवी. अंतरही खरंच जाचतं. सणाला म्हटलं आणि घरी आलं, असं होत नाही.

जिभाऊंना कामाची शाश्वती हवी होती. मी म्हटलं, जिभाऊ, 2006 ला बर्ड फ्लू आला तो आपल्या नवापूरला, आणि 2022 ची लम्पीची साथ राज्यात आधी दिसली ती रावेर तालुक्यात. तेव्हा गोठ्यागोठ्यात डॉक्टरची वाट बघणारी माणसं तुम्हीही पाहिलीत. ते गप्प झाले. त्यांचा स्वतःचा एक बैल त्या साथीत गेला होता.

पण मला खरी काळजी सुनंदाची होती. एमबीबीएस हुकलं म्हणून हे घेतेय, की हे हवंय? याचं उत्तर खुर्चीत बसून मिळत नाही. सीट पक्की करायच्या आधी तिला मी ओळखीच्या सरकारी पशुवैद्यकांसोबत फिरायला पाठवलं. एका वस्तीवर म्हैस अडली होती. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत. रेडकाचा पुढचा पाय गुडघ्यात मुडपलेला. त्यांनी रेडकू आधी मागे ढकललं, खूर तळहातात झाकून पाय सरळ केला, मग दोरी बांधली. दोरीचं दुसरं टोक सुनंदाच्या हातात दिलं आणि सांगितलं, म्हैस कळ देईल तेव्हाच ओढ. परत आल्यावर ती मला पहिली गोष्ट विचारते काय, तर खूर का झाकायचा? गर्भाशय फाटू नये म्हणून, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिला ते माझ्याकडून पुन्हा पक्कं करून घ्यायचं होतं! मी म्हटलं, बाई, हे मला विचारू नकोस, उदगीरला जाऊन विचार.

जिभाऊंना मी एवढंच सुचवलं की आधी जाऊन कॉलेज बघा: मुलींचं वसतिगृह आवारातच आहे का, दवाखान्यात सकाळी किती जनावरं येतात, कोणत्या विषयाला शिक्षक नाहीत. आणि हे शेवटच्या वर्षाच्या मुलींना विचारा, कार्यालयात नको.

ते जाऊन आले, सुनंदाने प्रवेश घेतला. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राच्या इंग्रजीने तिला रडवलं. मराठी माध्यमातल्या मुलांना हा त्रास होतोच, सुट्टीत आधीच शब्द पाठ केले तर निम्मा कमी होतो. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. अंतराबद्दल जिभाऊंची कुरकुर अजून चालूच आहे, आणि गावात कुणाची गाय आटली की फोन मात्र तिलाच लावतात. ती दर वेळी बजावते, मी अजून डॉक्टर नाही, दवाखान्यात न्या.