‘पेपर एजंटने भरले होते’

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं स्क्रीन प्रिंटिंगच्या शाईचं छोटं युनिट आहे. दुबईच्या एका पार्टीला पाच-पाच लिटरचे आठ डबे मुंबईहून विमानाने पाठवले. फॉरवर्डरने, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटने, एअरवे बिलावर (विमानाने जाणाऱ्या मालाच्या वाहतूक-कागदावर) ‘टेक्स्टाइल कलर, नॉन-हॅझार्डस’, म्हणजे धोकादायक नसलेला माल, असं लिहिलं. मुंबईच्या कार्गो शेडमध्ये एक डबा गळला आणि शेजारच्या कापडाच्या गाठी खराब झाल्या. आता एअरलाइनच्या वकिलाची 4 लाख 10 हजारांची नोटीस आली आहे. पेपर सगळे एजंटने भरले, मी फक्त कोऱ्या लेटरहेडवर सही-शिक्का दिला होता. मी जबाबदार कसा?

उत्तर : ‘एजंटने भरलं’ हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या अशा जवळजवळ प्रत्येक पत्रात असतं, आणि एअरलाइनसमोर त्याचा उपयोग शून्य. एअरवे बिलावर मालाविषयी जे लिहिलं जातं त्याच्या खरेपणाची जबाबदारी माल पाठवणाऱ्याची. ते चुकीचं किंवा अपुरं निघालं आणि त्यामुळे विमान कंपनीचं, किंवा ती ज्यांना देणं लागते त्यांचं, नुकसान झालं, तर भरपाईही त्यानेच करायची. विमान वाहतूक कायदा, 1972 च्या तिसऱ्या अनुसूचीतला नियम 10 हेच सांगतो. भारत 2009 मध्ये ज्या माँट्रियल कराराला जोडला गेला, त्याचाच हा मजकूर आहे. तुमचा हेतू काय होता, हे तिथे कोणी विचारत नाही. ‘फॉरवर्डर हा एअरलाइनचाच एजंट होता’ असं म्हणावं, तर नियम 7 चा पोटनियम 4 आडवा येतो : तुमच्या सांगण्यावरून खुद्द विमान कंपनीने बिल भरलं, तरी उलट पुरावा नसेल तर ते तुमच्याच वतीने भरलं असं धरलं जातं.

एक वाट मात्र मोकळी असू शकते. तुम्ही मला नोटीस पाठवलीत, लेटरहेडचा फोटो पाठवलात, पण बिलाची प्रत नाही. माल कन्सोलमध्ये, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकत्र, गेला असेल तर दोन बिलं असतात. अकरा आकडी नंबरचं मास्टर, ज्यावर पाठवणारा म्हणून बहुधा फॉरवर्डरचंच नाव असतं; आणि तुमच्या नावाचं हाऊस. मास्टरवर तुमचं नाव नसेल तर एअरलाइनचा करार तुमच्याशी नाही, आणि नोटिशीच्या उत्तरातला पहिला मुद्दा तोच. पैसे वाचतीलच असं नाही, कारण मग फॉरवर्डर हाऊस बिलावरून तुमच्या दारात येईल. पण त्याच्याशी हिशोब वेगळा.

तो हिशोब एका तारखेवर ठरेल : शाईचं एमएसडीएस (तिचे धोके सांगणारा सुरक्षा माहितीचा कागद) तुम्ही फॉरवर्डरला बिल निघण्याआधी पाठवलं होतं का? त्या कागदाच्या विभाग 9 मध्ये फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते) असतो, विभाग 14 मध्ये वाहतुकीचा तपशील. तुमच्या सॉल्व्हंटच्या शाईचा फ्लॅश पॉइंट 23 अंशांखाली आहे. म्हणजे यूएन 1210 (धोकादायक मालाच्या यादीतला छपाईच्या शाईचा क्रमांक), क्लास 3 (ज्वलनशील द्रव), पॅकिंग ग्रुप 2 (मध्यम धोका). हे समोर असताना त्याने ‘नॉन-हॅझार्डस’ लिहिलं असेल, तर करार कायद्याच्या कलम 212 खाली निष्काळजीपणाची भरपाई त्याच्याकडून मागता येईल. एमएसडीएस पाठवलंच नसेल, आणि तुमच्या कोऱ्या लेटरहेडवर आज नॉन-डीजी लेटर (माल धोकादायक नाही असं पत्र) टाइप झालेलं असेल, तर बोलायला फारसं उरत नाही. कोरी सही म्हणजे चेकबुक दुसऱ्याच्या खिशात ठेवणं. (कापडावरची बरीच शाई पाण्यातली असते, तिला यातलं काही लागत नाही; फॉरवर्डरचा हात त्या सवयीने चालतो. म्हणून तर एमएसडीएस आधी द्यायचं.)

ते व्हॉट्सअॅपवर पाठवलं असेल तर तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र, हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी अक्षर-आकड्यांची खूण), जोडावं लागेल.

नोटिशीला उत्तर मुदतीत द्या आणि रकमेची फोड पावत्यांसह मागा. गाठींचं नुकसान, साफसफाई, पुन्हा पॅकिंग, डेमरेज (माल शेडमध्ये पडून राहिल्याचा आकार) हे वेगवेगळं दाखवायला लावा. एकरकमी आकडा मान्य करू नका. फॉरवर्डरवर दावा करायचा तर रक्कम 3 लाखांच्या वर असल्यामुळे व्यावसायिक न्यायालय, आणि तातडीचा अंतरिम आदेश मागत नसाल तर व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम 12अ ची मध्यस्थी आधी सक्तीची. तिच्यातच तीन ते पाच महिने जाऊ शकतात. समोरचा बहुतेक वेळा येतच नाही, तरी ही पायरी गाळली तर दावाच फेटाळला जातो. त्यामुळे अर्ज आत्ताच करा.

पुढच्या खेपेला शिपर्स डिक्लेरेशन (धोकादायक मालाविषयी पाठवणाऱ्याचं घोषणापत्र) तुमच्या माहितगार माणसाने भरायचं, सह्या केलेल्या दोन प्रती एअरलाइनला, एक तुमच्या फायलीत. नियमाने ती तीन महिने ठेवली तरी चालते. तुम्ही तीन वर्षं ठेवा. या ग्रुपची शाई प्रवासी विमानात एका पॅकेजला 5 लिटर, मालवाहू विमानात 60. चार डबे एका खोक्यात भरलेत की 20 लिटर झाले, मग ‘कार्गो एअरक्राफ्ट ओन्ली’. खोकं बाजारातलं साधं चालत नाही. त्यावर यूएनची खूण आणि 4जी (पुठ्ठ्याच्या खोक्याचा कोड) च्या पुढे एक्स किंवा वाय हवा; झेड नको, तो फक्त ग्रुप 3 साठी. एअरवे बिलाच्या हँडलिंग इन्फर्मेशनच्या चौकटीत जोडलेल्या डिक्लेरेशनचा उल्लेख आलाच पाहिजे. डिक्लेरेशनमध्ये खाडाखोड झाली तर तिथे ज्याची मूळ सही, त्याचीच सही.

आणि पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की फॉरवर्डर आता ‘जुन्या तारखेचं डिक्लेरेशन पाठवा, मी जमवतो’ म्हणतोय. ते देऊ नका. आत्ता तुमच्यावर पैशांची मागणी आहे. तो कागद दिलात तर बनावट दस्तऐवजाचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो, आणि त्यावर सही तुमची असेल, त्याची नाही. त्याचा तो मेसेज मात्र जपून ठेवा.