दुसरा नंबर कुणाचा?

प्रश्न : मुलीच्या शाळेत क्विझ होती, त्यात जगातली सगळ्यात जास्त माणसं मेलेली दोन युद्धं विचारली होती. तिने दुसरं महायुद्ध आणि पहिलं महायुद्ध असं लिहिलं तर बाईंनी दुसऱ्यावर काट मारून चीनमधल्या कुठल्यातरी बंडाचं नाव लिहिलं. आमच्या घरात कुणीच हे नाव ऐकलेलं नाही. बाई बरोबर आहेत का?
– एक पालक, सांगली

उत्तर : बाई वाचणाऱ्या दिसतात, त्यांना माझा नमस्कार सांगा, पण मार्क कापायला नको होते हो. पहिल्या नंबरावर वाद नाहीच, दुसऱ्या महायुद्धात सात ते साडेआठ कोटी माणसं गेली, त्यातली अडीच कोटींच्या वर एकट्या सोव्हिएत युनियनची. दुसऱ्या नंबरावर मात्र गर्दी आहे. पहिल्या महायुद्धाचा आकडा सैनिक-नागरिक मिळून साधारण दीड ते दोन कोटी धरतात आणि बाईंनी लिहिलेलं ते बहुतेक ताइपिंग बंड असणार, त्याचा धरतात दोन ते तीन कोटी. ताइपिंग म्हणजे महाशांती बरं का! नाव ठेवणाऱ्याने काय मुहूर्त बघून ठेवलं होतं कुणास ठाऊक.

ही गोष्ट एका नापास विद्यार्थ्यापासून सुरू होते. होंग शिउच्वान, जन्म 1814 चा, ग्वांगडोंग प्रांतातला, हाक्का समाजाच्या शेतकरी घरातला. गावाचा हुशार मुलगा, सगळ्यांनी डोळे लावून बसायचं आणि याने सरकारी नोकरीच्या परीक्षेत परत परत आपटी खायची, असं चार वेळा झालं. आपल्याकडे एमपीएससीच्या मागे तिशी गाठलेल्या पोरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. 1837 ला तिसऱ्यांदा नापास झाल्यावर हा आजारी पडला, तापात त्याला स्वर्ग, सोनेरी दाढीचा म्हातारा, हातात तलवार असं काय काय दिसलं. पुढे चौथ्यांदाही नापास झाल्यावर 1843 मधे घरात पडून असलेली मिशनऱ्यांची एक पुस्तिका त्याने नीट वाचली आणि ठरवून टाकलं की तो म्हातारा म्हणजे देव आणि आपण येशूचे धाकटे भाऊ.

आता असा माणूस एरवी गावात चेष्टेचा विषय झाला असता. पण दिवस तसे नव्हते. 1839 ते 1842 च्या अफूच्या युद्धात चीन इंग्रजांकडून हरला होता, चांदी देशाबाहेर चाललेली, कर वाढलेले, नवीन बंदरं उघडल्यामुळे कँटन बंदराच्या जुन्या वाटेवरचे हमाल रिकामे बसलेले. (आणि ही अफू कुठली म्हणाल तर आपल्याकडचीच, बिहारची कलकत्त्याहून आणि माळव्याची मुंबई बंदरातून जायची. जे. जे. हॉस्पिटलला ज्यांचं नाव आहे त्या सर जमशेटजींच्या धंद्यातही कापसाच्या जोडीला अफू होती. मुंबईच्या इतिहासात आपण कापसाचं चवीने सांगतो आणि अफूवर आलो की घाईत पान उलटतो.) तर अशा रिकाम्या, उपाशी लोकांना होंग सांगत होता की जमीन सगळ्यांची, बायकांचे पाय बांधायचे नाहीत, अफू बंद आणि तेव्हा चीनवर राज्य करणाऱ्या मांचू राजांनी सक्तीने ठेवायला लावलेल्या वेण्या कापून टाका. लोक गेले त्याच्या मागे. जानेवारी 1851 ला उठाव झाला आणि मार्च 1853 मधे नानजिंगसारखं शहर त्यांच्या हातात, तेच त्यांनी राजधानी केलं, 11 वर्षं.

पुढे सगळं बिघडत गेलं. 1856 मधे आपसातच कापाकापी झाली, कारण होंगचा मुख्य साथीदार यांग शिउचिंगच्या अंगात थेट देव यायचा आणि अंगात आलेला देव होंगलाच झापायचा, हे किती दिवस चालणार? यांगला घरच्यांसकट मारला आणि त्याच्यामागे हजारो माणसं गेली. समोर त्सेंग क्वोफान नावाचा विद्वान अधिकारी, त्याने हुनान प्रांतात स्वतःची फौज उभी केली. त्याची पद्धत एकच, शहराला वेढा घालायचा आणि उपाशी मारायचं. म्हणून म्हणतो, या युद्धात तलवारीने मेले त्यापेक्षा कितीतरी जास्त लोक भुकेने आणि रोगराईने मेले. यांगत्सी नदीच्या खालच्या अंगाचा तो सगळा प्रदेश म्हणजे चीनचं भाताचं कोठार, तिथे एकदा हे सैन्य जायचं मग ते यायचं, पिकं कधी याने जाळली कधी त्याने, पेरायला माणूस उरला नाही. होंग जून 1864 मधे मेला आणि 19 जुलैला नानजिंग पडलं.

इंग्रज आधी तटस्थ होते, नंतर शांघायचा व्यापार धोक्यात आल्यावर राजाच्या बाजूने उतरले, हिंदुस्थानातून नेलेल्या पलटणीही 1862 मधे तिथे लढल्या. त्याच्या आधी 1857 ला उलटं झालं होतं, चीनकडे निघालेली इंग्रजांची कुमक लॉर्ड एल्गिनने वाटेतूनच आपलं बंड मोडायला कलकत्त्याकडे वळवली. हाच एल्गिन पुढे आपला व्हाईसरॉय झाला, त्याची कबर धरमशालेला आहे, फिरायला गेलात तर बघा.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलंय की आठव्या शतकात चीनमधल्या एका युद्धात जगातल्या दर सहा माणसांमागे एक मेला. खरं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : युद्ध खरं, आकडा फुगलेला. तांग राजवटीचा सेनापती आन लुशान याने 755 मधे बंड केलं, ते 763 पर्यंत चाललं. चिनी सरकार माणसं मोजून ठेवायचं, 755 च्या नोंदीत जवळजवळ 5 कोटी 29 लाख माणसं आहेत आणि 764 च्या नोंदीत 1 कोटी 69 लाख. कुणीतरी सरळ वजाबाकी केली, 3 कोटी 60 लाख मेले! अहो पण मोजणारे तलाठीच पळाले होते ना. कितीतरी प्रांत राजाच्या हाताबाहेर गेलेले, लोक दक्षिणेकडे परागंदा झालेले, आणि नाव लागलं की कर लागतो म्हटल्यावर कोण येतंय नाव सांगायला. प्रचंड माणसं मेली हे नक्की, पण यादीतनं गेलेला प्रत्येक जण मेला असं धरायचं तर आमच्या वॉर्डात दर इलेक्शनला दोन-चारशे जण मरतात.

प्रश्न : या यादीत पानिपतचा कितवा नंबर?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लागतच नाही हो. पानिपत ही एका दिवसाची लढाई, 14 जानेवारी 1761, आणि वरची सगळी वर्षानुवर्षं चाललेली युद्धं. एका दिवसापुरतं बोलायचं तर पानिपत भयंकरच, दुसऱ्या दिवशी हाती लागलेल्यांची कत्तल झाली ती वेगळी. पण नक्की आकडा मागू नका. नानासाहेब पेशव्यांकडे आलेल्या सांकेतिक निरोपातच आहे की दोन मोत्यं गळाली, मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोत्यांची नावं आपल्याला पाठ आहेत, विश्वासराव आणि भाऊसाहेब. लाखभर म्हणतात ते सगळं या खुर्द्यात आलं, बुणगे, बायाबापड्या, यात्रेकरू सगळे, आणि ते तेव्हाच कुणी मोजले नाहीत तर मी आज कुठून सांगू.